अण्णांच्या डब्यातल्या पेन्या: पाच घरं रिकामी आणि भाव हाताबाहेर

पाचपाखाडीकर

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

प्रश्न ब्रिटिश पेन्यांचा आहे. आपल्याकडच्या राणीछाप रुपयांचा नव्हे. विलायतेत चालायची ती मोठी, तांबूस पेनी, व्यास ३१ मिलिमीटरच्या आत-बाहेर, वजन ९.४५ ग्रॅम.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, बोटीवर होते. मूळ गाव दाभोळजवळ, बिऱ्हाड ठाण्यात चरईतल्या चाळीत. वर्षातले नऊ-दहा महिने इंजिनरूममध्ये आणि उरलेले घरी. १९७१ साली त्यांची बोट लंडनजवळ टिलबरीच्या गोदीला लागली होती. त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला इंग्लंडने जुना हिशेब मोडला. १२ पेन्यांचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड गेला, १०० नव्या पेन्यांचा पौंड आला. जुनी पेनी ३१ ऑगस्टनंतर चालणार नव्हती. गोदीबाहेर चहा विकणाऱ्या बाईकडे बरण्या भरून जुन्या पेन्या साठल्या होत्या. अण्णांनी तीन पौंड देऊन तिच्याकडून ७२० पेन्या घेतल्या आणि पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात भरून घरी आणल्या. पावणेसात किलोच्या वर वजन! तो डबा मला दोन्ही हातांनीसुद्धा उचलत नव्हता, मी तेव्हा आठ वर्षांचा होतो.

रात्री जेवणं झाली की अण्णा सतरंजीवर पेन्या ओतायचे आणि आम्ही सालाप्रमाणे लावत बसायचो. १८६० साली इंग्लंडने तांब्याची पेनी बंद करून काशाची काढली, आणि त्या पहिल्या वर्षांची नाणीसुद्धा १९७१ पर्यंत गल्ल्यात फिरत होती. त्यावर तरुणपणची व्हिक्टोरिया, मागे अंबाडा बांधलेली. आमच्या घरात तिचं नाव ‘अंबाड्याची राणी’. काट्याच्या बाजूला ब्रिटानिया बसलेली, हातात त्रिशूळ, डावीकडे दीपगृह, उजवीकडे जहाज. १८९५ मध्ये दीपगृह आणि जहाज दोन्ही काढून टाकले, दीपगृह परत आलं ते १९३७ ला. अण्णा दीपगृहाच्या पेन्या वेगळ्या काढायचे. म्हणायचे, अंजनवेलचं टाळकेश्वराचं दीपगृह दिसलं की घर आलं, तसंच हे. १९०२ च्या पेनीत दोन प्रकार आहेत. एकात ब्रिटानियाच्या मागची समुद्राची रेघ खाली आहे आणि ती दुर्मिळ धरतात. हे आम्हाला पुस्तकातून कळलं ते पुढे वीस वर्षांनी. अण्णांनी मात्र पहिल्याच आठवड्यात ती बाजूला ठेवली होती. ‘ही ओहोटीची आहे’ म्हणाले.

अण्णा १९९४ ला गेले. त्यानंतर १८६० ते १९६७ ही पूर्ण मालिका लावायची असं मी मनाशी धरलं. वागळे इस्टेटला टूलरूममध्ये पस्तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. मालिका म्हणजे बाजारात चालायला काढलेली सालं. १९३३ ची नाही. त्या वर्षी पेन्यांचा साठा भरपूर होता म्हणून चालवण्यासाठी पाडल्याच नाहीत, इमारतींच्या पायाभरणीत ठेवण्यासाठी वगैरे सात-एक निघाल्या. लीड्सजवळच्या एका चर्चच्या पायाच्या दगडातून १९७० साली त्यातली एक चोरीला गेली. ते आपलं काम नव्हे.

माझ्या अल्बममध्ये आज पाच घरं रिकामी आहेत: १८६४, १८६९, १८७१, १९२६ ची सुधारित चेहऱ्याची (त्या सालात राजाचा चेहरा जरा बदलला, त्यातली नवी) आणि १९५१.

२००९ मध्ये फोर्टात एका दुकानदाराकडे १८६९ ची बऱ्यापैकी पेनी होती, २८०० रुपयांना. मुलाच्या इंजिनिअरिंगची फी त्याच महिन्यात भरायची होती. घेतली नाही. त्याबद्दल पश्चात्ताप नाही, फी महत्त्वाचीच होती. पण त्यानंतर तशी पेनी २८०० ला मला परत दिसली नाही. २०१० च्या सुमाराला पौंड सत्तरच्या घरात होता, आता शंभराच्या पुष्कळ वर गेलाय. आणि नुसता पौंड नाही, पौंडातले आकडेही चढलेत. लॉकडाऊनच्या काळात लंडनच्या लिलावांत घरबसल्या बोली लावता येते हे मला कळलं, तसं ते जगातल्या प्रत्येकाला कळलं. गेल्या वर्षी १९२६ च्या सुधारित पेनीवर मी चार वेळा बोली लावली. चारही वेळा माझ्या शेवटच्या आकड्याच्या पुढे कोणीतरी गेलं, एकदा तर दुपटीच्या पुढे. चांदीसोन्याचं समजतं, धातूच महागलाय. पेनीत नऊ ग्रॅम काशाखेरीज काही नाही, तिचा भाव का चढावा?

आता दोन वाईट अनुभव.

पहिला फसवणुकीचा. १८८२ साली लंडनच्या टांकसाळीत नवी यंत्रं बसवायचं काम चाललं होतं, म्हणून पेन्या बर्मिंगहॅमच्या हीटन कारखान्यात पाडल्या. त्यांच्या सालाखाली बारीक ‘एच’ असतो. एच नसलेली १८८२ अतिशय दुर्मिळ. २०१४ ला एका प्रदर्शनात मला ती ६५०० रुपयांना मिळाली. हात थरथरत होते घेताना. सोमवारी कारखान्यात टूलमेकरच्या मायक्रोस्कोपखाली धरली. ठसा बसताना धातू मधून कडेकडे सरकतो, त्यामुळे चांगल्या पेनीच्या सपाट भागात केसासारख्या रेषा मधून बाहेर जाताना दिसतात. या पेनीत सालाखालच्या जागी रेषा आडव्या होत्या, आणि जागा जराशी खोलगट. कोणीतरी एच खरवडून काढला होता. मी आयुष्यभर स्क्रेपर चालवलाय, ती खूण ओळखायला मला दुसरं कोणी लागत नाही. विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला. त्या पैशांपेक्षा मला याचं जास्त वाईट वाटतं की एक खरं, शंभर वर्षं टिकलेलं नाणं त्याने कायमचं बिघडवलं.

दुसरा अनुभव घरचा. एका दिवाळीला आईने तांब्यापितळेची भांडी काढली होती, त्यातच तिला डबा दिसला. वर हिरवा कळंक चढलेला पाहून तिने चाळीसएक पेन्या चिंचेने घासून लख्ख केल्या. त्यात १९१९ ची केएन होती, म्हणजे किंग्ज नॉर्टन कारखान्यात पाडलेली, सालाच्या डाव्या बाजूला ती दोन अक्षरं. माझ्याकडची ती एकच. संध्याकाळी मी घरी आलो तर परातीत सगळ्या गुलाबी चमकत होत्या आणि आई कौतुकाने बघत होती. तिला मी काहीच बोललो नाही.

तर विचारायचं असं: उरलेली पाच घरं गुळगुळीत, स्वस्त नाण्यांनी भरून टाकू, की एखाद-दोन चांगलीच घेऊन बाकीची रिकामी ठेवू? चिंचेने घासलेल्या केएनचं काही करता येतं का? आणि बाहेरून मागवताना खरा खर्च किती येतो, कस्टम्सचा अनुभव कोणाला आहे? माझं बजेट वर्षाला तीसेक हजार, त्यावर नाही.

——

नेरूळकर

पाचपाखाडीकर काका, ‘ओहोटीची पेनी’ वाचून थांबलो. पंचवीस वर्षं हा छंद करतोय, बोटीवरच्या माणसाने ती रेघ नजरेने पकडली हे पहिल्यांदा ऐकलं.

आधी खर्चाचं, कारण तिथेच बहुतेकांची गफलत होते. समजा लंडनच्या लिलावात १४० पौंडांवर हातोडा पडला. त्यावर लिलाववाल्यांचं कमिशन, साधारण वीस टक्के, आणि त्या कमिशनवर तिकडचा वीस टक्के व्हॅट. झाले १७३ पौंड ६० पेन्स. विम्यासकट टपाल वीस-बावीस पौंड. पौंड ११७ रुपये धरला तर २३ हजाराच्या जवळ. कार्डाने पैसे भरलेत तर बँकेचा परकीय चलनाचा साडेतीन टक्क्यांच्या आसपासचा आकार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे २४ हजार, आणि पाकीट अजून मुंबईत यायचंय. इथे आल्यावर सीमाशुल्क आणि आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. माझं एक पाकीट अठरा दिवस पडून होतं, कारण पाठवणाऱ्याने नुसतं ‘जुनं नाणं’ असं लिहिलं होतं. तेव्हापासून मी विक्रेत्याला आधीच सांगतो: साल, देश, धातू, किंमत आणि ‘नाणेसंग्रहासाठी’ हे बिलावर स्पष्ट लिहा, आणि बिलाची प्रत पाकिटाच्या बाहेर चिकटवा. सुटं एकेक नाणं मागवण्यापेक्षा तीन-चार जणांनी मिळून मागवलं तर टपालाचा भार वाटला जातो.

पेनी का महागली? माझं मत असं. चांदीच्या नाण्याला खाली धातूचा टेकू असतो. ब्रिटिश चांदी १९१९ पर्यंत ९२.५ टक्के, १९२० ते १९४६ निम्मी, १९४७ पासून शून्य. १४.१४ ग्रॅमच्या जुन्या हाफ क्राउनमध्ये, म्हणजे अडीच शिलिंगांच्या नाण्यात, तेरा ग्रॅम निव्वळ चांदी. चांदी किलोला लाखाच्या पार गेली तेव्हापासून ही नाणी सराफाच्या काट्यावर जायला लागलीत. वाशीत एका पेढीवर मी स्वतः पाहिलं, राणीछाप रुपयांच्या ढिगात व्हिक्टोरियाचं १८९३ चं हाफ क्राउन वितळायला चाललं होतं. वजनाच्या भावाने सोडवून आणलं. (ज्यांच्या घरी आजीची गिनी आहे त्यांनीही ती मोडण्याआधी भिंगाखाली बघा. घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर बारीक ‘आय’ असेल तर ती १९१८ साली आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडलेली.) पेनीला असा टेकू नाही. तिचा भाव सगळा तिच्या अवस्थेवर. अमेरिकन कंपन्या नाणं प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून ७० पैकी गुण देतात, काशाला वर लाल, लाल-तपकिरी, तपकिरी अशी प्रत लावतात. लाल प्रतीचा आकडा काही पटींत जातो, आणि त्याच्या मागे मधल्या प्रतीची नाणीही खेचली जातात. झिजलेल्या पेन्यांवर मात्र त्याचा फारसा परिणाम झालेला नाही. तुमच्यासाठी वाट तिथेच आहे.

आपलं नाणं असं ग्रेडिंगला पाठवावं असा विचार कोणी करत असेल तर कायदा आधी वाचा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं पुरावशेषात मोडतं, आणि पुरावशेष खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. घरात बाळगायला काही अडचण नाही. पण बाहेर पाठवायचा रस्ता बंद समजा. काका, तुमचा अंबाड्याच्या राणीचा सगळा संच त्यात येतो.

आता पाच घरांचं. १९५१ ताबडतोब घ्या. पाडल्या फक्त १,२०,०००, पण बऱ्याचशा बर्म्युडाला गेल्या आणि तिथून व्यापाऱ्यांनी परत आणल्या, त्यामुळे न झिजलेल्या अजून मिळतात आणि भाव आवाक्यात आहे. लंडनच्या चहावालीच्या बरणीत ती का नव्हती तेही यावरून कळतं. १८७१ ला घाई नको, मध्यम प्रतीची सापडेल. १८६४ मध्ये चारचा आकडा दोन तऱ्हेचा आहे, एक साधा आणि एकाच्या टोकाला आडवी बारीक दांडी. दोन्हीत जो मिळेल तो घ्या, दुसऱ्याच्या मागे लागू नका.

१९२६ साठी लिलावात लढू नका. राजाच्या गळ्याच्या कापावर शिल्पकार मॅकेनलची अक्षरं असतात. जुन्या चेहऱ्यावर ‘बी.एम.’ ठिपक्यांसकट, सुधारित चेहऱ्यावर ‘बीएम’ बिनठिपक्यांचं आणि मानेच्या मागच्या बाजूला सरकलेलं. साल दोन्हीवर एकच. पुष्कळ विक्रेते हे बघतच नाहीत, १९२६ म्हणून सरसकट विकतात. तुम्ही अण्णांच्या डब्यातल्या दुबार पेन्या या नजरेने तपासल्यात का? ७२० मध्ये १९२६ च्या तीन-चार तरी असतील.

१८६९ माझ्याकडे एक जादा आहे. झिजलेली आहे, पण साल स्वच्छ वाचता येतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

——

पाचपाखाडीकर

नेरूळकर, तुमचे उपकार. १९२६ च्या दुबार पेन्या मी आजवर एकाच पाकिटात ठेवल्या आहेत, अक्षरं कधी पाहिलीच नाहीत. व्यनि मिळाला.

——

खारघरची रसायनवाली

काका, मी नाणी जमवत नाही. ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, आणि सासऱ्यांचा नाण्यांचा संग्रह आता माझ्या ताब्यात आहे, म्हणून चिंचेचं मी सांगते.

काशावर जो तपकिरी थर असतो तो मळ नव्हे. ती तांब्याच्या ऑक्साइडची साय आहे, वर्षानुवर्षं बसलेली, आणि खालच्या धातूला तीच जपते. चिंचेतलं टार्टारिक आम्ल ती विरघळवतं आणि खालचं कोरं तांबं उघडं पडतं, म्हणून तो गुलाबी रंग. गेलेली साय परत आणता येत नाही. गंधक वगैरे लावून कृत्रिम तपकिरी करून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका, जाणकाराला ते लगेच कळतं. केएन पेनी कोरड्या कागदी पाकिटात ठेवा आणि हात लावू नका. काही वर्षांत ती आपोआप गडद होत जाईल. भाव परत येणार नाही, पण दिसायला शांत होईल.

मला जास्त काळजी तुमच्या अल्बमची वाटते. ‘अल्बममधली घरं’ म्हणालात, ती मऊ, जरा वास येणाऱ्या प्लास्टिकची आहेत का? तसं असेल तर ते पीव्हीसी. आपल्याकडच्या दमट हवेत त्यातून हळूहळू आम्ल सुटतं आणि नाण्यावर चिकट हिरवा थर धरतो. सासऱ्यांच्या संग्रहातली अकरा नाणी मला अशीच मिळाली, बोटाला चिकटत होती. तो थर शुद्ध असिटोनने जातो. काचेच्या वाटीत नाणं बुडवून ठेवा, घासू नका, खिडकी उघडी ठेवा, जवळपास गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नको. नखांचं रंग काढायचं पाणी वापरू नका, त्यात तेल आणि सुगंध असतो.

कळंकाचेही दोन प्रकार असतात, ते ओळखा. गडद हिरवा, घट्ट बसलेला, नखाने न निघणारा असेल तर त्याला तसाच राहू द्या. फिकट हिरवी भुकटी असेल, झटकली तरी पावसाळ्यात परत येत असेल, तर तो क्लोराइडचा रोग आहे. खाऱ्या हवेतून, घामाच्या हातांतून लागतो आणि आतून नाणं खातो. तसं नाणं आजच बाकीच्यांपासून वेगळं काढा. तुमच्या पेन्या तर बोटीतून आल्यात, त्यामुळे सगळ्या एकदा उन्हाच्या उजेडात बघाच. सिलिका जेलच्या पुड्या ठेवता का? रंग बदलणाऱ्या घ्या, म्हणजे कधी वाळवायच्या ते कळतं. आणि प्लायवूडच्या नव्या कपाटात नको, त्याच्या गोंदाच्या वाफा धातूला बाधतात. जुनं लोखंडी कपाट बरं.

तुमच्या आईंना तुम्ही काही बोलला नाहीत हे वाचून फार बरं वाटलं.

——

ऐरोलीचा नाणेवेडा

काका, मी तुमच्यापुढे लहान. माझा संग्रह नव्या ब्रिटिश नाण्यांचा, ५० पेन्सचा. बहीण लेस्टरला असते, सुट्या पैशांत जे येईल ते बाजूला ठेवते. २००९ ची क्यू गार्डन्सची पॅगोडावाली, २,१०,००० पाडलेली, तिला सहा वर्षांत एकदाही मिळाली नाही. २०२३ ची सामन माशाची, नव्या राजाची, २,००,०००, तीही नाही. ऑनलाइन घ्यायला गेलो तर क्यूच्या बनावट प्रतींचा इतका सुळसुळाट आहे की मी नाद सोडला. जे हाताने सापडेल तेवढंच ठेवायचं ठरवलंय. त्यामुळे तुमचा डबा वाचून हेवा वाटला.

एक गोष्ट सगळ्यांना सांगून ठेवतो. माझ्या आईला फोन आला होता, तुमच्याकडचं जुनं नाणं लाखांत जाईल, आधी रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन भरा. तिने दीड हजार भरायची तयारी केली होती, मी त्याच वेळी घरी पोचलो म्हणून वाचले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि कुठलंही कमिशन मागत नाही. घरातल्या मोठ्यांना हे आवर्जून सांगा.

काका, माझं मत, गुळगुळीत चालतील. अण्णांनी आणलेल्या बाकीच्या पेन्याही वापरातल्याच आहेत ना? त्यांच्या रांगेत एकच चकचकीत ठेवली तर ती परकी दिसेल.

——

पाचपाखाडीकर

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय.

ताई, अल्बम पीव्हीसीचाच निघाला. सगळ्या पेन्या काढून कागदी पाकिटांत घातल्या, प्रत्येकावर पेन्सिलीने साल लिहिलं. बायकोने आणि मी मिळून चार संध्याकाळी घालवल्या. सात पेन्यांवर चिकट थर होता, असिटोनने गेला. १८७३ च्या एकीवर तुम्ही म्हणता तशी फिकट भुकटी आहे, ती वेगळ्या डबीत काढली. तिचा फोटो तुम्हाला व्यनिने पाठवतो, पुढे काय करायचं ते सांगा.

शनिवारी ठाण्याहून लोकलने नेरूळला गेलो. नेरूळकरांनी १८६९ टेबलावर ठेवली आणि काही न बोलता भिंग माझ्या हातात दिलं. वजन ८.८ ग्रॅम भरलं, झीज पाहता बरोबर. नऊचा आकडा मी पाचदा पाहिला, आजूबाजूला कुठे आडवी रेघ नाही, कोरलेलं काही नाही. अंबाड्याच्या राणीचा चेहरा नुसती सावली उरलाय, पण मागे दीपगृह अजून उभं आहे, वरची खोलीसुद्धा दिसते. पैसे त्यांनी घेतले नाहीत. त्यांना १८७५ ची हीटनची हवी होती आणि १९१८ च्या केएन. अण्णांच्या दुबार पेन्यांतून मी त्यांना एक १८७५ एच आणि दोन १९१८ केएन दिल्या. ऐरोलीकर, तुमचं म्हणणं तिथे पटलं. ही पेनी बाकीच्यांत ठेवली तेव्हा वेगळी म्हणून ओळखू येईना. १९५१ ची ऑर्डर त्यांच्याच पाकिटात घातली आहे, आम्ही चौघे मिळून मागवतोय.

खरवडलेली १८८२ त्यांना दाखवायला नेली होती. त्यांनी ती मागून घेतली, नवीन मुलांना खोट कशी ओळखायची ते शिकवायला. दिली.

१९२६ च्या दुबार चार निघाल्या. तिघींवर ठिपके स्पष्ट आहेत. चौथीवर गळ्याचा काप खूप झिजलाय. मला बी दिसतो, मानेच्या मागच्या अंगाला सरकल्यासारखा वाटतो, पण त्याच्यापुढे ठिपका होता की नव्हता हे दहापट भिंगातूनही ठरवता येत नाही. खाली दोन फोटो टाकलेत, पहिल्यात उजेड डावीकडून आहे, दुसऱ्यात वरून. नेरूळकर, दुसरा नीट बघा. बीच्या पोटाखाली जो बारीक उंचवटा दिसतो तो ठिपका आहे की खरचटलेलं?